घर पसंत आहे, आता आकडा बोला

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रिसेलचा फ्लॅट शोधणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ‘घरी बोलून कळवतो.’ मानपाड्याचा फ्लॅट सगळ्यांना आवडलेला असतो. उजेड आहे, पाणी आहे, सोसायटी बरी आहे. तरी आठवडा जातो आणि एजंटचा फोन येतो की त्या घराचं टोकन, म्हणजे बयाणा, दुसऱ्या कुणी दिला. मग पुन्हा शनिवार-रविवारची वणवण, आणि तोवर भाडं चालूच. मला याची मनापासून हळहळ वाटते. कित्येकदा ऐपत असते, फक्त हिशेब मांडलेला नसतो, म्हणून तोंडातून आकडा निघत नाही.

तो हिशेब घरं बघायला निघण्याआधी मांडा. समजा, घर ९० लाखांचं आहे. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जाते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण तुमच्या पगारावर किती बसतं ते वेगळं. आपण ६७ लाख ५० हजार कर्ज धरू. उरलेले साडेबावीस लाख तुमचे. शिवाय घराच्या किमतीवर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर यात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी ३० हजार. एजंटची दलाली एक टक्का ठरली तर ९० हजार. बेरीज झाली ३० लाख. एवढे पैसे खरोखर हाताशी हवेत. एफडी मोडायची का, दागिने ठेवायचे का, सासरेबुवा किती देणार, हे सगळं त्याच बैठकीत बोलून घ्या. बँकेकडून कर्जाचं मंजुरीपत्रही आधीच काढा.

मग भाव. एजंट सांगेल त्यावर विसंबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा उतारा, पाहता येते. त्याच इमारतीतला फ्लॅट अलीकडे कितीला नोंदला गेला, ते त्यात दिसतं. कार्पेट एरिया ताडून बघा आणि आपला वरचा आकडा कागदावर लिहा. नवरा-बायको दोघांनी लिहा, आणि मोठ्यांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. घर बघायला शेवटी सगळ्यांनी एकत्र जा.

इतकं झालं की पसंत पडलेल्या घराला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बोली लावता येते. नुसता आकडा सांगू नका. मंजुरीपत्र दाखवा, टोकन कधी देणार, करार कधी नोंदवणार, ताबा कधी हवा, तेही सांगा. विकणाऱ्यालाही बहुधा दुसरं घर घ्यायचं असतं. लाखभर जास्त बोलून महिनाभर गप्प बसणाऱ्यापेक्षा तारखा देणारा माणूस त्याला भरवशाचा वाटतो. घासाघीस जरूर करा, पण लिहिलेला आकडा ओलांडू लागला की उठा. हाही निर्णयच आहे, आणि तो मला जास्त कठीण वाटतो.

घाई फक्त बोलण्यात असावी, कागदांत नको. टोकन चेकने किंवा बँकेतून द्या. पावतीवर ठरलेली किंमत लिहून घ्या, आणि कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन परत, ही अटही. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इमारतीत राहायला परवानगी असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, आधीचे सगळे नोंदवलेले करार वकिलाला दाखवा. ‘थोडे रोख द्या’ म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

नवी मुंबईत नेरूळ, वाशी, सानपाड्याकडे बघत असाल तर आणखी एक चौकशी. तिथली बरीचशी जमीन सिडको या सरकारी महामंडळाने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार, हे बोलीच्या वेळीच ठरवा आणि टोकनच्या पावतीवर लिहून घ्या.