बार उचलायच्या आधी

मंडळी, आधी एक आवाज ऐकवतो. हा वीस किलोचा बार, दोन्ही टोकांना वीस-वीसची एकेक प्लेट, म्हणजे साठ किलो. मी वाकून बार धरतो आणि नुसता वर ताणतो, उचलत नाही. ऐकलंत? 'खट्'. प्लेटच्या भोकात बारला किंचित मोकळी जागा असते. बार आधी भोकाच्या वरच्या कडेला टेकतो, मग प्लेट हलते. आज विषय डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, आणि मी बोलणार आहे ते या 'खट्'च्या अलीकडचं. पलीकडे जोर लागतो, आणि तो इथल्या बऱ्याच जणांकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

घाईत काय होतं? कोपरं जराशी वाकलेली, पाठ सैल, आणि एकदम हिसका. हात सरळ होतात, फट भरते आणि वजन धाडकन अंगावर येतं. कंबर गोल होते ती तिथे. मी हे याच साठ किलोवर केलंय, वॉर्मअपला, शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता. पुढचे तीन आठवडे मोजे घालायला वाकता येत नव्हतं.

तर पावलं आधी. बार पावलाच्या बरोबर मध्यावर हवा, आणि पाऊल म्हणजे टाचेसकट अख्खं पाऊल. वरून बघताना टाच दिसत नाही, म्हणून लोक बार फार पुढे ठेवतात. उभं असताना नडगी आणि बार यांत बोटभर-दोन बोटं अंतर पुरतं. मग कंबरेतून वाका, बार धरा, आणि आता गुडघे पुढे आणून नडगी बारला टेकवा. बार जागचा हलता कामा नये. खाली बसता बसता गुडघ्यांनी बार पुढे ढकलला असेल, तर उठा आणि पहिल्यापासून सुरू करा. छाती वर, आणि दोन्ही काखांत थर्मामीटर धरल्यासारखे दंड अंगालगत. पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. मग 'खट्'. एक गोष्ट विसरू नका: मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. लहान प्लेटा लावल्यात तर तो खाली जातो आणि पाठ उगाच वाकते. प्लेटांखाली काहीतरी भक्कम ठेवून उंची भरून काढा.

आता हात. तळव्याच्या मधोमध बार धरलात, तर वजन येताच तो बोटांकडे घसरतो आणि वाटेतली कातडी चिमटीत पकडतो. घट्टे सोलतात ते असे. बार बोटांच्या मुळाशी धरा. ग्लोव्हज मला पटत नाहीत. त्यांनी बार आणखी जाड होतो. वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार 28 मिलिमीटरचा आणि महिलांचा 25 मिलिमीटरचा ठेवतात, तीन मिलिमीटरसुद्धा मुठीला कळतात म्हणूनच. हात घामेजतात, तर चॉक लावा, ती हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड.

दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून धरलं की जड वजनाला बार बोटांच्या टोकांकडे लोळायला लागतो. एक तळवा उलटा केला की एका हातातून निसटू पाहणारा बार दुसऱ्या हातात घुसतो, म्हणून उलटसुलट पकड टिकते. पण उलट्या हाताचं कोपर वाकवून ओढू नका, दंडाचा कंडरा कोपरापाशी तुटू शकतो. हात म्हणजे नुसते दोर. तिसरी हुक ग्रिप: अंगठा बारला गुंडाळून त्यावर बोटं आवळायची. अंगठा दुखतो, चांगलाच दुखतो, पण दोन्ही बाजू सारख्या राहतात. आणि स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे? ब्रिटनचा स्ट्राँगमन एडी हॉल यानं 2016 मध्ये 500 किलो उचलले ते स्ट्रॅप बांधूनच. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र ते चालत नाहीत. माझी पद्धत अशी: साधी पकड जिथवर टिकते तिथवर तीच, मग बदल. पाठीसाठी लांबलचक सेट मारायचे असतील तर स्ट्रॅप बांधायला लाज कसली?

जागच्या जागी एक करून बघा. मूठ सैल ठेवा, आता जोरात आवळा. मनगट, दंड, खांदा, सगळं ताठलं ना? म्हणून बार नुसता धरायचा नाही, पिळायचा. मूठ सैल असली की खांदा सैल, आणि मग पाठही सैल.

वर गेल्यावर मागे झुकून मिरवू नका, सरळ उभं राहिलं की झालं. खाली आणताना आधी नितंब मागे, बार गुडघ्यांखाली गेला की मग गुडघे वाकवा. उलट केलंत तर बार गुडघ्यांवरच आदळेल.

आता कोण येतंय? या, ताई. तो धावायचा बूट काढा, गादीसारखा तळवा आहे त्याचा. पाऊल मध्यावर... अजून जरा पुढे या. हं. धरा, ताणा. थांबा, अजून उचलू नका. आवाज आला नाही.