पहिली रायफल मुलाच्या मापाची हवी

पालकहो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो,

2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्यामुळे सांगलीतही आईवडील विचारायला लागले, ‘आमच्या पोराला तशीच रायफल घ्यायची का?’ त्याची स्पर्धा 50 मीटरची, रायफल पॉइंट 22 ची, काडतुसावर चालणारी. तिला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. नवशिक्यानं सुरुवात करावी ती 10 मीटरच्या एअर रायफलीवर, हे माझं ठाम मत आहे. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेनं छर्रा सोडणार्‍या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण तेवढ्यानं ती खेळणं ठरत नाही. तिच्या छर्‍यानं डोळा जातो. घरी ती कुलपातच राहिली पाहिजे.

आता निवडीकडे येतो. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘जोर किती?’ कागदावरच्या लक्ष्याला जोर लागतच नाही. एअर रायफलीच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे लागते ती स्थिरता, आणि स्थिरता येते बंदूक अंगाला बसली तर. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, लांब असेल तर मूल मान पुढे ताणतं, खांदा उचलतं, आणि ती ढब एकदा अंगात मुरली की मोडायला फार जड जाते. वजनाचंही तसंच. नियमात साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे, पण बारीक चणीच्या मुलीनं ती गाठायची काही गरज नाही. उभं राहून नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि भार हाडांवर जातो. रायफल झेपत नसेल तर तो स्नायूंवर येतो आणि नळी थरथरते. म्हणून दस्त्याची लांबी आणि गाल टेकवायची पट्टी कमी-जास्त करता येते का, हे आधी बघा. मूल वाढणार आहे.

डोळाही तपासा. दोन्ही तळहातांमधून छोटी फट करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ फटीत दिसत राहतं, तो नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर खरेदीआधी प्रशिक्षकाशी बोलायलाच हवं.

स्प्रिंगची रायफल स्वस्त पडते, हे खरं. पण छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतला दट्ट्या धावतो आणि बंदुकीला झटका बसतो. नवशिक्याला कळत नाही की चूक आपल्या बोटाची की झटक्याची. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल जवळजवळ हलतच नाही. चाप ओढताना झालेली चूक लगेच कागदावर दिसते. शिकणार्‍याला हेच हवं असतं. पैसे जास्त लागतात, म्हणून पहिले काही महिने क्लबच्याच रायफलीवर काढा. त्या काळात मुलाचं मापही कळतं आणि आवडही.

पुढे कुणाची वापरलेली रायफल घेणार असाल, तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सिलिंडर जास्तीत जास्त 10 वर्षंच चालतो. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा.