चाचणीच्या आधीची चाळणी

(दृश्य : रक्तपेढीतलं शीतकपाट. पिशव्यांवर 'तपासणी बाकी' अशी लेबलं.)

हे रक्त आज सकाळी घेतलंय. ते अजून कुणालाही चढवता येणार नाही. प्रत्येक पिशवीसोबत घेतलेल्या छोट्या नळ्या शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्यात. तिथे एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क आणि सिफिलिसची तपासणी होईल. एका नळीत जरी दोष निघाला, तरी ती पिशवी बाद.

१९८३ साली यातली एचआयव्हीची तपासणी जगात कुठेच नव्हती. त्या वर्षी टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांच्या हृदयावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना रक्त देण्यात आलं. लागण त्यातूनच झाली, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत होतं. १९९३ मध्ये अ‍ॅश गेले. एचआयव्हीच्या पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेत परवाना मिळाला तो मार्च १९८५ मध्ये.

एचआयव्ही पसरण्याचे सगळे मार्ग पाहिले, तर हा सर्वांत हमखास. दूषित पिशवी चढवली की शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना लागण होते. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांचे हाल तर आणखी वाईट झाले. त्यांचं औषध हजारो दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून बनायचं. त्यात एक दाता बाधित असला तरी अख्खा साठा नासायचा. एकट्या ब्रिटनमध्ये रक्त आणि रक्तघटकांतून एचआयव्ही किंवा कावीळ क झालेल्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. त्याचा चौकशी अहवाल यायला २०२४ उजाडलं.

मग चाचणी आल्यावर प्रश्न सुटला का? नाही.

(दृश्य : चाचणीची पट्टी, यंत्रात फिरणाऱ्या नळ्या.)

लागण झाल्या झाल्या ती चाचणीत दिसत नाही. या आंधळ्या काळाला रक्तपेढीत 'विंडो पीरियड' म्हणतात. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, ती शोधणाऱ्या चाचणीत तो साधारण तीन आठवड्यांचा. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी 'नॅट' चाचणी तो दहा-अकरा दिवसांवर आणते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचं प्रमाण प्रचंड, म्हणून त्यांनी २००५ पासून प्रत्येक पिशवीची स्वतंत्र नॅट सुरू केली. खर्चिक काम. आणि एवढं करूनही ते दहा दिवस उरतातच. ते भरून काढायला यंत्र नाही. तिथे रक्त देणारा माणूस कोण, एवढंच हातात राहतं.

पैशासाठी रक्त देणारा आपला आजार सांगत नाही. सांगितला तर पैसे बुडतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री बंद झाली, ती याच कारणाने. चीनच्या हनान प्रांतात १९९० च्या दशकात उलटं घडलं. गरीब शेतकऱ्यांकडून रक्त विकत घ्यायचं, प्लाझ्मा काढून ठेवायचा आणि अनेकांच्या उरलेल्या लाल पेशी एकत्र करून पुन्हा त्यांनाच टोचायच्या. रक्त विकणाऱ्यांचीच गावंच्या गावं बाधित झाली. हे चव्हाट्यावर आणणाऱ्या डॉक्टर गाओ याओजिए यांच्यावर पाळत बसली. २००९ मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

झिंबाब्वेने वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये तिथे तरुणांचा एक क्लब निघाला. आयुष्यात पंचवीस वेळा रक्त द्यायचं आणि तोवर स्वतःला जपायचं, अशी प्रतिज्ञा. रक्ताचा साठा वाढवायचा आणि तरुणांना एचआयव्हीपासून दूर ठेवायचं, ही दोन्ही कामं एकाच प्रतिज्ञेत बसली. पुढे बऱ्याच देशांनी ती उचलली.

(दृश्य : दार लावलेली छोटी खोली. समोरासमोर दोन खुर्च्या.)

रक्तसुरक्षेचं खरं काम या खोलीत चालतं. समुपदेशक हलक्या आवाजात विचारतो : नवा जोडीदार? सुई टोचून नशा? नुकतंच गोंदवून घेतलंय? बाहेर रांगेत मित्र उभे असतील, साहेब उभे असतील, तर खरं उत्तर कोण देईल? म्हणून दार बंद हवं. काही रक्तपेढ्या आणखी एक सोय ठेवतात : दात्याने नंतर गुपचूप कळवायचं, 'माझं रक्त वापरू नका.' कारण विचारलं जात नाही.

आणि काही जण रक्त द्यायला येतात ते फुकटात एचआयव्हीची तपासणी व्हावी म्हणून. जोखीम घेतलेला माणूस नेमका त्या आंधळ्या दिवसांत खुर्चीत बसतो. याला रक्तपेढीत कितीही पाट्या लावून उपयोग नाही. तपासणीची मोफत, गोपनीय केंद्रं दुसरीकडे उघडी असली, तरच ही माणसं रक्तदानाच्या रांगेतून बाजूला होतात. एचआयव्ही कार्यक्रमाची फाइल आणि रक्तपेढीची फाइल दोन खात्यांत पडून राहिली, की हे जमत नाही.

शेवटचा मुद्दा डॉक्टरांच्या टेबलावरचा. गोळ्यांनी भरून निघेल अशा रक्तक्षयाला आजही 'एक बाटली चढवू' म्हणणारे आहेत. न चढवलेल्या पिशवीतून कुणाला लागण होत नाही, आणि ती पिशवी बाळंतपणात रक्त वाहून गेलेल्या बाईसाठी शिल्लक राहते.