आधीची ओळ म्हणजे कुठली?

नमस्कार मंडळी. आज एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या लॅग आणि लीड, म्हणजे आधीच्या आणि पुढच्या ओळीतली किंमत आणून देणाऱ्या, दोन फंक्शनांवर बोलायचं ठरलंय. तुम्ही बहुतेक जण रोज एसक्यूएल लिहिता, त्यामुळे जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (ओळींचे गट करून एकेक उत्तर काढणं) यांत वेळ घालवत नाही. तीन गोष्टी सांगेन असं आयोजकांना कबूल केलंय: शेजारच्या ओळीशी तुलना कशी करायची, त्यात हव्या त्या ओळी निवडणारा व्हेअर कुठे दगा देतो आणि सलग ओळींचे गट कसे पाडायचे. पण आधी एका पाणीबिलाची गोष्ट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

आमच्या सोसायटीत बारा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण ४८. प्रत्येकाला पाण्याचा वेगळा मीटर. वॉचमन दर महिन्याच्या एक तारखेला १०१पासून १२०४पर्यंत रीडिंग घेतो आणि त्याच क्रमाने ती टेबलात चढतात. बिलाचं सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतलेलं. ते लिहिणाऱ्याने पाहिलं, की गेल्या महिन्याची नोंद बरोबर ४८ ओळी मागे असते. झालं! आधीचं रीडिंग कुठलं? ओळीचा आयडी, म्हणजे तिचा क्रमांक, वजा ४८.

मग एका मार्चमध्ये १००२ला कुलूप होतं. मीटर आत, रीडिंग मिळालं नाही, ओळ चढलीच नाही. मार्चच्या ओळी भरल्या ४७, म्हणून ४८ मागे मोजलं की एका फ्लॅटने चुकायचं. एप्रिलची बिलं निघाली, तेव्हा १०२पासून १००२पर्यंत प्रत्येकाच्या रीडिंगातून एक नंबर आधीच्या फ्लॅटचं मार्चचं रीडिंग वजा झालं. १००३पासून वरच्यांची बिलं मात्र अचूक! त्यामुळे वरचे मजले म्हणत होते, ‘आमचं तर बरोबर आलंय.’ काहींना उणे बिल आलं. त्यांच्यातलं कुणी तक्रार घेऊन आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

३०४मधल्या आजी एकट्या राहतात. त्यांचा वापर आला २१६ युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. म्हणजे महिन्यात दोन लाख सोळा हजार लिटर पाणी. आजी ऑफिसात गेल्या, तर उत्तर मिळालं, ‘आजी, कॉम्प्युटरने काढलंय ते.’ या वाक्याची मला मनापासून चीड आहे. कॉम्प्युटर स्वतःहून काही काढत नाही. कुणीतरी लिहिलेलं तो काढतो. आजींनी घरून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. दुधाच्या हिशोबाशेजारी दर एक तारखेच्या चौकटीत मीटरचा आकडा. मार्च ४१२, एप्रिल ४२१. ‘नऊच झाले ना?’ बिलात ४२१मधून वजा झाले होते २०५, आणि ते होते ३०३चे.

त्या कॅलेंडरवर बघा काय आहे. आकडे फक्त आजींच्या मीटरचे, आणि तारखेच्या क्रमाने. पार्टिशन बाय म्हणजे कुणाच्या ओळी, ऑर्डर बाय म्हणजे कुठल्या क्रमाने; दोन्ही तिथे आहेत.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७०मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत मांडायची पद्धत, मांडली तेव्हापासून टेबल म्हणजे ओळींचा संच, त्यात क्रम नाही. आपल्याला स्क्रीनवर ओळी एकाखाली एक दिसतात, म्हणून ‘वरची ओळ’ आहे असं वाटतं. ती नसते. कशाच्या क्रमाने आधीची, आणि कुणाच्यातली आधीची, हे तुम्ही सांगितल्याशिवाय ‘आधीची’ या शब्दाला टेबलात अर्थच नाही. लॅग मला आवडतं ते यासाठी. त्यात हे दोन्ही स्पष्ट लिहिता येतं:

रीडिंग − लॅग(रीडिंग) ओव्हर (पार्टिशन बाय मीटर ऑर्डर बाय तारीख)

ग्रुप बाय पंगत उठवतं आणि किती पानं झाली तेवढं सांगतं. इथे सगळे आपापल्या पानावर बसलेले राहतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पानात डोकावतो. लीड म्हणजे पुढच्याकडे बघणं. पहिल्याला शेजारी नाही, म्हणून तिथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, येतो. तो शून्य समजून वजाबाकी केलीत, तर जुन्या मीटरचं सगळं रीडिंग पहिल्याच बिलात लागेल. पार्टिशन फ्लॅटवर न लावता मीटरवर लावलंय, कारण मीटर बदलला की नवा आकडा जुन्यातून वजा होता कामा नये. १००२चं काय? त्याला फेब्रुवारीची ओळ मिळते, वापर दोन महिन्यांचा येतो, आणि तो खराच आहे. सोबत लॅग(तारीख) घ्या, म्हणजे किती दिवसांचा तेही कळेल. एका तारखेला दोन नोंदी असतील, तर क्रम लागायला ऑर्डर बायमध्ये आणखी एक कॉलम द्या. नाहीतर आज एक उत्तर, उद्या दुसरं.

आणि हे आता सगळीकडे आहे. डेटाबेसांपैकी पोस्टग्रेसमध्ये २००९पासून, एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॅग-लीड २०१२च्या आवृत्तीपासून, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये २०१८पासून. आयडी वजा ४८ लिहायला सबब उरलेली नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. उरलेलं भराभर सांगतो.

व्हेअर. फक्त एप्रिलची बिलं हवीत म्हणून त्याच क्वेरीत व्हेअर लावलात, तर लॅगला सगळीकडे नल मिळेल. व्हेअर आधी चालतो आणि विंडो, म्हणजे ओव्हर लावलेली लॅगसारखी फंक्शनं, नंतर, म्हणजे मार्चच्या ओळी तोवर गेलेल्या असतात. आधी विथमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या आतल्या क्वेरीत, वापर काढा, मग बाहेर गाळा. स्नोफ्लेक, बिगक्वेरी, टेराडेटा यांत विंडोच्या उत्तरावर गाळायला क्वालिफाय आहे.

सलग गट. समजा, वापर किती महिने सलग २० युनिटच्या वर राहिला हे हवंय, गळती शोधायला. लॅगने बघा, आधीच्या महिन्याची स्थिती आणि याची वेगळी आहे का. बदल झाला तिथे १, नाहीतर ०. पहिल्या ओळीलाही १. त्या एक-शून्यांची मीटरवार, तारखेच्या क्रमाने चालती, म्हणजे त्या ओळीपर्यंतची, बेरीज करा. बेरीज सारखी असेल तोवर गट एक. मग साधा ग्रुप बाय. विंडोत विंडो घालता येत नाही, म्हणून पायऱ्या वेगळ्या विथमध्ये.

शेवटचं. फ्रेम म्हणजे फंक्शनने कुठून कुठपर्यंतच्या ओळी बघायच्या ती हद्द. लॅग-लीड तिच्याकडे बघत नाहीत, शेवटच्या ओळीची किंमत देणारं लास्ट व्हॅल्यू बघतं. ऑर्डर बाय दिलं की त्याची फ्रेम चालू ओळीशी, म्हणजे क्रमात तिच्याशी बरोबरीच्या ओळींपाशी थांबते, आणि बहुतेक वेळा तुमचीच किंमत तुम्हाला परत मिळते. फ्रेम अनबाउंडेड फॉलोइंगपर्यंत, म्हणजे अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, लिहा, नाहीतर क्रम उलटा करून फर्स्ट व्हॅल्यू घ्या. प्रश्न असतील ते चहाला घेऊ.