आवाज नाही, श्वास!

श्रोतेहो, नमस्कार.

रोजचा ताण कमी कसा करावा, यावर बोलायला मला आज पाच मिनिटं दिली आहेत. त्यातली अर्धी एका किस्स्यात जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं पहिलं थेट प्रक्षेपण. विषय साधाच, मजकूर तीनदा वाचून झालेला. दाराबाहेर मी मजेत गप्पा मारत होतो. स्टुडिओचं जाड दार लागलं, लाल दिवा पेटला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. हातातला कागद थरथरायला लागला. माइकचा कान भलताच तिखट. श्रोत्यांना आधी कागद ऐकू गेला, मी नंतर. पहिलं वाक्य धावतपळत उरकलं, दुसऱ्यात दम लागला, चार जिने चढून आल्यासारखा.

काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक बसले होते. वयाने मोठे, सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचे. त्यांनी हात वर नेला आणि हळूहळू खाली आणला. मला वाटलं, आवाज चढलाय. मी आवाज कमी केला. त्यांनी पुन्हा हात खाली आणला, आणखी हळू. मी आणखी कमी केला. तिसऱ्या खुणेपर्यंत मी कुजबुजायला लागलो होतो, आणि काकांचा एक हात कपाळावर होता, दुसरा माझा आवाज वाढवायची पट्टी वर ढकलत होता.

नशिबाने मध्ये गाणं होतं. तेव्हा गाणी पूर्ण वाजवायचे. आता गाणं संपायच्या आत निवेदक त्यात घुसतो. हा मी गुन्हाच मानतो, पण असो. काका आत आले. म्हणाले, "अहो, आवाज नाही, श्वास! श्वास सोडा. तुम्ही नुसते आत घेताय."

मी म्हटलं, "काका, घाबरलं की दीर्घ श्वास घ्या असंच सांगतात ना?"

"घ्या म्हणतात, पण सोडायचं कोण सांगतं? भरलेल्या पिशवीत आणखी किती कोंबाल?"

गाणं संपेपर्यंत त्यांनी माझ्यासमोर हात वरखाली केला. वर जाताना चार आकडे, खाली येताना सहा. पुन्हा लाल दिवा लागला आणि उरलेला मजकूर मी माणसासारखा वाचला. घरी गेल्यावर आई म्हणाली, "मधे आपला रेडिओ बिघडला होता वाटतं. आवाजच येईना."

आता थोडं शास्त्र. संकट दिसलं की शरीर लढायला नाहीतर पळायला सज्ज होतं, ही मांडणी वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाची, १९१५ सालची. ॲड्रिनॅलिन सुटतं, नाडी धावते, तोंडाला कोरड पडते. समोर वाघ आहे की माइक, याची चौकशी शरीर करत बसत नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस हा ब्रेक लावते. म्हणून सोडायला जास्त वेळ घ्यायचा. पुन्हा सांगतो, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण १२ ते २० घेतो. तीन-चार मिनिटं पुरे, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच. सात तास झोप. संध्याकाळी उशिरा कॉफी नको, कारण त्यातलं साधारण अर्धं कॅफीन पाच तासांनंतरही अंगात असतं. आणि चालणं. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर चालणं त्यात धरलेलं आहे. पावलं मोजणाऱ्या घड्याळांवर मात्र माझा राग आहे. रात्री साडेअकराला आकडा भरला नाही म्हणून खोलीत येरझाऱ्या घालणारा गृहस्थ मी पाहिलाय. चेहरा असा, की परीक्षेचा निकाल लागायचाय!

आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा. पण बसची वाट बघताना, साहेबांच्या खोलीबाहेर, फोन उचलण्याआधी, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. शेजारच्याला कळतसुद्धा नाही.

काचेपलीकडून खूण येतेय. काका आता तिथे नाहीत, एक तरुण मुलगी आहे. तिचा हात काही खाली येत नाहीये, ती मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतेय. गाणं लागतंय, आणि मी त्यात बोलणार नाही. नमस्कार.