ब्रीदरच्या धुरातलं ऑईल

(सांगलीत ट्रॅक्टर-ट्रकचे मेकॅनिक, गाडीमालक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेतून चालत जा आणि इंजिनाच्या बाजूनं खाली सोडलेली रबरी नळी पाहा. तिच्या तोंडाशी काळा, चिकट थर असतो, आणि इंजिन चालू असेल तर तिथून फुकफुक करत पांढुरका धूर येत असतो. ती नळी म्हणजे ब्रीदर. त्या धुरात ऑईल किती असतं, ते वेगळं कसं करतात आणि वेगळं केल्यावर परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भागात, कसं नेतात, यावर आज बोलायचं आहे. शेवटच्या मुद्द्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, म्हणून तो मी सावकाश सांगणार आहे.

आधी वायू येतो कुठून ते पाहू. पिस्टनच्या रिंगेला गॅप ठेवावाच लागतो, नाहीतर तापून फुगल्यावर रिंग लायनरमध्ये जाम होईल. ज्वलनाचा दाब त्या गॅपमधून थोडा वायू खाली ढकलतो. त्याला आपण बॅक कंप्रेशन म्हणतो आणि रिंगा गेल्या असं ठरवून टाकतो. पण ते नव्या कोऱ्या इंजिनातही असतं. सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वायूच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास गळती धरूनच इंजिनाची रचना केलेली असते. रिंगा आणि बोअर झिजले की हा आकडा कितीतरी पट वाढतो.

या वायूला बाहेरची वाट मिळाली नाही तर चेंबरमध्ये दाब साचतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून ऑईल बाहेर काढतो. क्रँकचं मागचं सील गळायला लागतं. मग गिअरबॉक्स उतरवायचा, नवं सील बसवायचं, आणि महिन्याभरात पुन्हा गळती. सीलचा दोष काहीच नसतो, ब्रीदर चोंदलेला असतो. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याआधी पाच मिनिटं ब्रीदरकडे द्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

पूर्वी ही नळी सरळ रस्त्याकडे सोडत. कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात दाखवून दिलं की लॉस एंजलिसच्या धुरकट हवेमागे गाड्यांमधले न जळलेले हायड्रोकार्बन आहेत. त्यातला मोठा वाटा क्रँककेसमधून, म्हणजे याच चेंबरमधून, येतो, हेही पुढे कळलं. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३पासून अमेरिकाभर नव्या मोटारींमध्ये हा वायू परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम लागू झाले. आता ट्रक-बसच्या टर्बो डिझेल इंजिनात हा वायू मोकळा सोडायचा असेल तर तो एक्झॉस्टच्या हिशेबात धरावा लागतो. म्हणून तो इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेला, जोडणं आलं.

तिथून खरी अडचण सुरू होते. हवेत सोडलेलं ऑईल रस्ता खराब करत होतं, इनटेकला जोडलेलं ऑईल इंजिन खराब करतं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या कंप्रेसरमधून निघणारी हवा दीडशे अंशांपर्यंत सहज तापते, तिथं ऑईल करपून चिकटतं. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला आतून थर बसतो. सगळ्यात वाईट हाल डीपीएफचे, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचे, होतात. ऑईलमधल्या ॲडिटिव्हमध्ये कॅल्शियम आणि जस्त असतं. काजळी जाळता येते, पण या धातूंची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते आणि डीपीएफचा खर्च तुम्हाला माहीतच आहे.

आता थेंबांकडे येऊ. क्रँक फिरताना उडालेल्या ऑईलचे थेंब मोठे असतात, ते साध्या पत्र्यालाही अडतात. रिंगेच्या फटीतून जोरात येणारा वायू ऑईलचा पातळ थर फाडतो, तिथं बारीक थेंब तयार होतात. पिस्टनच्या तापलेल्या पोटाला लागलेलं ऑईल वाफ होऊन उडतं आणि थंड झाल्यावर धुक्यासारखं जमतं, तिथले थेंब एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्हाला दिसणारा पांढुरका धूर म्हणजे मुख्यतः हेच धुकं, आणि थंडीत त्यात पाण्याची वाफही.

विद्यार्थ्यांनी इथं वही काढावी. हवेत थेंब किती वेगानं खाली बसतो हे स्टोक्सच्या नियमानं काढता येतं आणि तो वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे अडीच मिलिमीटर खाली येतो. १ मायक्रॉनचा थेंब त्याच्या जवळजवळ शंभर पट हळू, म्हणजे सेकंदाला ०.०३ मिलिमीटर. त्याला १० सेंटीमीटर उतरायला जवळपास तास लागेल. तुमच्या ब्रीदरच्या डब्यातून वायू सेकंदाच्या आत निघून जातो. बाजारात मिळणारा कॅच-कॅन, म्हणजे ऑईल साचवायचा रिकामा डबा, धुकं का अडवू शकत नाही, त्याचं उत्तर या एका गणितात आहे. मोठे थेंब आणि भिंतीला लागून जमलेलं ऑईल त्यात साचतं, आणि डबा भरलेला पाहून मालक खूश होतो. पण बारीक धुकं पुढं टर्बोकडे गेलेलं असतं.

मग बारीक थेंब पकडायचे कसे? एक मार्ग म्हणजे वायूला अचानक वळवणं. हा पाहा, टेबलावर एक उघडलेला सेपरेटर, म्हणजे वायूतलं ऑईल वेगळं करणारा भाग, ठेवला आहे. या पत्र्याला बारीक भोकं आहेत आणि समोर अगदी जवळ नमद्यासारखा जाड थर आहे. वायू भोकातून वेगानं येतो आणि काटकोनात वळतो, थेंबाला तेवढं वळता येत नाही, तो थरावर आदळतो. बोट लावून पाहा, भोकांच्या बरोबर समोर ओले ठिपके उमटले आहेत. भोक जितकं लहान तितका बारीक थेंब सापडतो, पण दाबही तितकाच जास्त खर्च होतो. सेपरेटरच्या रचनेतली सगळी ओढाताण याच गोष्टीची आहे.

दुसरा मार्ग काचतंतूच्या एलिमेंटचा, म्हणजे गाळणीचा. तंतूंवर थेंब अडकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ओघळतात. हा फार छान काम करतो, पण काजळीनं हळूहळू चोंदतो, म्हणून वेळेवर बदलावा लागतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, आणि सांगलीकरांना तो लगेच कळेल, कारण तो डेअरीतून आला आहे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालनं १८७८ मध्ये दुधातली साय वेगळी करणारं फिरतं यंत्र काढलं, पुढे त्यात शंकूच्या आकाराच्या तबकड्यांची चळत आली. आज मोठ्या ट्रकच्या इंजिनावर तशीच तबकड्यांची चळत क्रँककेसच्या वायूसाठी बसवतात, आणि ती फिरवायला बऱ्याचदा इंजिनाच्या ऑईलचाच दाब वापरतात. मिनिटाला ८,००० फेरे आणि मध्यापासून ५ सेंटीमीटर अंतर धरलं तर तिथली ओढ गुरुत्वाच्या साडेतीन हजार पट होते. मघाचा तासभर लोंबकळणारा १ मायक्रॉनचा थेंब आता सेकंदाला १० सेंटीमीटर सरकतो. दोन तबकड्यांमधलं अंतर मिलिमीटरभरही नसतं. सेकंदाच्या शंभराव्या भागात थेंब तबकडीवर बसतो, कडेला सरकतो आणि बाहेरच्या भिंतीवर फेकला जातो. बदलायला एलिमेंट नाही, चोंदणं नाही.

आता परतीची वाट. कोणत्याही सेपरेटरमध्ये वायूचा थोडा दाब खर्च होतो. म्हणून सेपरेटरच्या आतला दाब चेंबरपेक्षा कमी असतो, आणि खाली उतरू पाहणाऱ्या ऑईलला चेंबरमधला वायू वर ढकलतो. समजा हा फरक १० मिलिबार आहे. तेवढा दाब पेलायला नळीत सुमारे १२ सेंटीमीटर उंचीचं ऑईल उभं असायला हवं. म्हणजे सेपरेटर चेंबरमधल्या ऑईलच्या पातळीपासून तेवढा तरी वर हवा आणि परतीच्या नळीचं टोक त्या पातळीखाली बुडलेलं हवं, नाहीतर मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह हवा. बाहेरून सेपरेटर बसवताना लोक ही नळी सोयीनं इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरला जोडतात. मग खालून वायू येतो, पकडलेलं ऑईल पुन्हा उडवतो, आणि दोष सेपरेटरला लागतो.

हा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्यानं भरा आणि तिचं एक टोक डिपस्टिकच्या, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीच्या, भोकात घट्ट बसवा. दोन बाजूंच्या पाण्यात १ सेंटीमीटर फरक म्हणजे १ मिलिबार. कंपनीनं दिलेल्या मर्यादेपेक्षा फरक जास्त आला तर सेपरेटर उघडून पुन्हा पाहा. दाब उतरला तर सेपरेटरच चोंदला होता. नाही उतरला तर वायूच जास्त येतो आहे. पण तेवढ्यावरून रिंग-पिस्टनचा खर्च सांगू नका! ट्रकमध्ये ब्रेकच्या एअर कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या तरी हवा चेंबरमध्ये येते. टर्बोच्या शाफ्टचं सील गेलं तर परतीच्या ऑईल पाईपमधून वायू येतो. आधी हे दोन्ही तपासा, इंजिन त्यानंतर.

एक धोक्याची गोष्ट. ऑईल पट्टीच्या वरच्या खुणेच्या पुढे कधीही भरू नका. जादा ऑईल क्रँकनं घुसळलं जातं, ब्रीदरमधून इनटेकला जातं आणि डिझेल इंजिन त्या ऑईलवरच पळायला लागतं. चावी फिरवून ते थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट फळीनं किंवा जाड पत्र्यानं बंद करायची, तळहात लावायचा नाही.

आणि तासगावकडच्या द्राक्षवाल्यांसाठी: इंजिन थंड होताना चेंबरमधली हवा आकसते आणि ब्रीदरमधून बाहेरची हवा आत येते, धुळीसकट. त्यामुळे उघड्या ब्रीदरच्या टोकाला जाळी असेल तर ती स्वच्छ ठेवा, चिंध्या मात्र कोंबू नका.

मघाशी कुणीतरी विचारलं, एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन परत वापरला तर चालेल का? तारेच्या जाळीचा असेल तर जरूर धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. काचतंतूचा असेल तर धुऊ नका. धुण्यानं तंतू तुटतात आणि सरकतात, वरून तो स्वच्छ दिसतो आणि धुकं मात्र सरळ आरपार जातं. तो बदलायचाच.