जुनं विमान जपायचंय? थैली सैल सोडा

(दृश्य : युद्धानंतरची विमानतळं. मोडीत काढायला उभी केलेली बॉम्बफेकी विमानं, क्षितिजापर्यंत. कृष्णधवल चित्रण.)

१९४६ साल. युद्ध संपलंय आणि अमेरिकेपुढे प्रश्न उभा आहे, की या हजारो विमानांचं करायचं काय? बहुतेकांची रवानगी भट्टीत झाली. वितळवा, ॲल्युमिनियम काढा, विका. या रांगेतून मेम्फिस शहरानं एक बी-१७ विमान सोडवून घेतलं. नाव 'मेम्फिस बेल'. युरोपवरच्या पंचवीस मोहिमा पूर्ण करून परतलेलं, त्या काळी घरोघर माहीत असलेलं विमान. शहरानं मोजलेली किंमत होती ३५० डॉलर.

आणि मग ते उघड्यावर ठेवलं. वर्षानुवर्षं. ऊन, पाऊस, आणि आठवण म्हणून काहीतरी उचकटून नेणारे हौशी लोक. कॉकपिटमधली उपकरणं गेली, हाताला लागेल ते गेलं. १९८७ मध्ये डोक्यावर एक मांडव आला, पण तो बाजूंनी उघडाच. ओल यायची, पक्षी यायचे. शेवटी २००५ मध्ये विमान ओहायोतल्या डेटन इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात गेलं आणि तिथे काम सुरू झालं. १७ मे २०१८ रोजी ते लोकांसमोर आलं. तोवर त्यावर ५५,००० तासांहून जास्त श्रम खर्ची पडले होते.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. विमान विकत घेणं हा या शौकातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे. पुढचा खर्च किती, हे एका प्रश्नावर ठरतं : हे विमान उडवायचं, की नुसतं ठेवायचं?

(दृश्य : लंडन, २०१५. लिलावगृह. पडद्यावर स्पिटफायर.)

तुम्ही म्हणाल, किरकोळ कसं? जुलै २०१५ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात एक स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, ३१ लाख पौंडांना गेलं. खरं आहे. पण ती किंमत पी ९३७४ क्रमांकाच्या मूळ विमानाची नव्हती. मूळ विमान मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलं आणि वाळूनं ते गिळून टाकलं. १९८० मध्ये समुद्रानं वाळू सरकवली, तेव्हा सापडला तो गंजलेला सांगाडा. ३१ लाख मोजले गेले ते त्या सांगाड्याचं पुन्हा उडणारं विमान करणाऱ्या हातांसाठी. लिलावाचे पैसे धर्मादाय कामांना गेले, म्हणजे आधीच्या मालकानं दुरुस्तीवर केलेला खर्च तसा गेलाच.

हे हात नेमकं काय करतात, ते पंखाच्या मुळाशी जाऊन पाहू.

(दृश्य : स्पिटफायरच्या पंखाचा आडवा छेद. कॅमेरा अगदी जवळ.)

स्पिटफायरचा पंख ज्या कण्यावर उभा असतो, त्याला स्पार म्हणतात. त्याच्या वरच्या आणि खालच्या दांड्या भरीव नाहीत. एका चौकोनी नळीत दुसरी चौकोनी नळी, तिच्यात तिसरी, अशा पाच नळ्या एकमेकींत घट्ट बसवलेल्या. पंख धडाला जोडला जातो तिथे जोर सर्वात जास्त, म्हणून तिथे सगळ्या नळ्या असतात. टोकाकडे जाताना एकेक नळी संपत जाते, कारण तिथे तेवढ्या ताकदीची गरज नाही आणि वजन मात्र नको. डोकेबाज रचना. आणि दुरुस्तीला बसणाऱ्याचा जीव खाणारी. दोन नळ्यांच्या मध्ये ओल शिरली, की बाहेरून काहीच कळत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा स्पार घेऊन कुणी शहाणा माणूस उडत नाही. नवा करायचा. त्याच मापाच्या, त्याच जातीच्या धातूच्या नळ्या, त्याच तंतोतंत बसणीच्या. मग त्यावर नवा पत्रा, आणि पत्र्याला हजारो रिव्हेट.

एवढं सगळं नवं केल्यावर जुनं उरलं काय? कधीकधी फार थोडं. काही भाग, काही सामान आणि विमानाची ओळख सांगणारी पाटी. या वादावर विमानशौकीन लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत विचाराल तर, उडणारं जुनं विमान ही जपणूक कमी आणि पुनर्जन्म जास्त आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त पैसे देणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतोय हे ठाऊक असावं.

(दृश्य : न्यूझीलंड. लाकडी साचा, त्यावर वाकवलेले पातळ तक्ते.)

मॉस्किटोच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नव्हता. ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लाकडी विमान. बर्च लाकडाच्या प्लायवुडचे दोन पापुद्रे आणि मध्ये हलकं बाल्सा. धड दोन उभ्या अर्ध्या भागांत घडवायचे, आतल्या तारा-नळ्या बसवायच्या आणि मग दोन्ही भाग चिकटवायचे. युद्धकाळात सुतारकाम करणाऱ्या कारखान्यांना हे जमलं. पण लाकूड कुजतं आणि जुना गोंद सुटतो. कॅनडातल्या एका शेतात पडून असलेल्या केए ११४ या मॉस्किटोची अशीच गत झाली होती. लाकूड गेलेलंच. मग न्यूझीलंडच्या ग्लिन पॉवेल यांनी वर्षानुवर्षं खपून धडाचे साचेच नव्यानं उभे केले. त्या साच्यांवर नवं धड घडलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ऑकलंडजवळच्या आर्डमोरहून ते विमान आकाशात गेलं. पैसा एका अमेरिकन संग्राहकाचा होता. पण साचा नसता तर त्या पैशाचं त्यानं केलं काय असतं? श्रीमंताची हौस जेव्हा असं कौशल्य जिवंत ठेवते, तेव्हा तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

(दृश्य : ग्रीनलंड. पांढरं, सपाट, संपता न संपणारं.)

आता खऱ्या उधळ्यांकडे वळू. जुलै १९४२ मध्ये सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं ग्रीनलंडच्या बर्फावर उतरवावी लागली. माणसं वाचली, विमानं तिथेच राहिली. बर्फ पडत गेला, साचत गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी शोधणाऱ्यांना ती सापडली तेव्हा ती सुमारे ८० मीटर खोल होती. १९९२ मध्ये त्यांनी बर्फ वितळवत खाली उभं भोक पाडलं. तळाशी गरम पाण्याचे फवारे मारून विमानाभोवती गुहा कोरली. एक पी-३८ सुटं केलं आणि तुकड्यातुकड्यांनी त्याच भोकातून वर ओढलं. पुढची दहा वर्षं केंटकीत त्याची जुळणी चालली. २६ ऑक्टोबर २००२ रोजी ते उडालं. नाव मिळालं, 'ग्लेशियर गर्ल'.

ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात.

ग्रीनलंडमध्येच आणखी उत्तरेला 'की बर्ड' नावाचं बी-२९ बॉम्बफेकी विमान फेब्रुवारी १९४७ मध्ये इंधन संपत आल्यानं उतरलं होतं. ते बर्फाखाली गेलंच नाही. जवळजवळ धड अवस्थेत तिथेच बसून होतं. १९९४ मध्ये एक तुकडी तिथे पोचली. ठरवलं की सुटं करून न्यायचं नाही, जागेवर दुरुस्त करून उडवत न्यायचं. बदली इंजिनं, पंखे, टायर, सगळं विमानानं तिथवर नेलं. पहिल्या हंगामात त्यांचा मुख्य मेकॅनिक आजारी पडला आणि पुढे वारला. १९९५ च्या मे महिन्यात ते परत गेले. चारही इंजिनं सुरू झाली. गोठलेल्या तलावावरून विमान धावू लागलं. मागच्या भागात वीज पुरवणारं एक छोटं इंजिन चालू होतं, त्याच्या कामचलाऊ टाकीतून पेट्रोल गळलं आणि आग लागली. माणसं बाहेर पडली. विमान जळून गेलं.

अठ्ठेचाळीस वर्षं थंडीनं सांभाळलेलं विमान उत्साहानं जाळलं, असं म्हणणं कठोर आहे. पण मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

(दृश्य : कानपूर, लिबरेटर विमानांची जुनी छायाचित्रं.)

याउलट सगळ्यात कमी खर्चाची जपणूक कुणी केली असेल, तर भारतीय हवाई दलानं. आणि तीही जपायचं मनात नसताना. ब्रिटिश जाताना कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानं निकामी करून टाकून गेले. हवाई दलाला विमानं हवी होती, हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीनं ती डागडुजी करून उभी केली आणि ती १९६८ पर्यंत उडत राहिली. तोवर जगात इतरत्र हे विमान जवळपास संपलेलं होतं. म्हणूनच आज जगभरच्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर दिसतात, त्यांतली बरीच भारतातून गेलेली आहेत.

(दृश्य : व्हल्कन. आवाज पूर्ण मोठा. मग एकदम बंद.)

उडवायचं ठरलं, की इंजिन आलं. जर्मन मेसरश्मिट २६२ या प्रत्यक्ष युद्धात उतरलेल्या पहिल्या लढाऊ जेटचं युमो इंजिन मुळातच जेमतेम पंचवीस तासांच्या आयुष्याचं. युद्धाच्या शेवटी उष्णता सोसणारे चांगले धातूच जर्मनीकडे उरले नव्हते. त्यामुळे ज्यांनी या विमानाच्या नव्या प्रती बांधल्या, त्यांनी बाहेरचा आकार युमोचा ठेवला आणि आत अमेरिकन जे-८५ इंजिन बसवलं. लबाडी आहे, पण जीव वाचवणारी.

ब्रिटनच्या व्हल्कन एक्सएच ५५८ ला ही सोय नव्हती. १९६० सालचं चार इंजिनांचं जेट बॉम्बफेकी विमान, १९९३ मध्ये जमिनीवर बसलेलं. ते पुन्हा उडवायला लॉटरीच्या वारसा निधीनं २७ लाख पौंड दिले. २००६ मध्ये पैसे संपून प्रकल्प गुंडाळायची वेळ आली, तेव्हा जॅक हेवर्ड या उद्योगपतींनी पाच लाख पौंड दिले. बाकीचे हजारो सामान्य लोकांनी. १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते उडालं. त्यानंतर दर वर्षाचा खर्च साधारण वीस लाख पौंड.

मे २०१२ मध्ये धावपट्टीवर वेग घेताना इंजिनात सिलिका जेलच्या पिशव्या ओढल्या गेल्या. दमटपणा शोषायला ठेवतात त्या. हवेच्या वाटेत त्या राहून गेल्या होत्या. एक इंजिन गेलं आणि त्याचे तुकडे गिळून शेजारचंही गेलं. राखून ठेवलेल्या मोजक्या इंजिनांतली दोन पिशव्यांपायी खर्ची पडली. नवीन कुणी बनवत नाही.

तरी व्हल्कन इंजिनांमुळे थांबलं नाही. अशा विमानाला उडायचं तर त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक हमी घेणाऱ्या कंपन्या मागे लागतात. ही रचना समजणारी माणसं निवृत्त होत चालली होती. हमी देणाऱ्या तिन्ही कंपन्यांनी २०१५ नंतर ती देणार नाही असं कळवलं. २८ ऑक्टोबर २०१५ ला शेवटचं उड्डाण झालं. पैसा असता तरी पुढे उडता आलं नसतं.

मला तो निर्णय बरोबर वाटतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ प्रवाशांसह कोसळलं, सात माणसं गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात दोन जुनी विमानं एकमेकांवर आदळली, सहा गेली. हा खर्च कुठल्याच हिशेबात आधी धरलेला नसतो.

(दृश्य : उद्वार-हेझी केंद्र. अजस्र छप्पर, खाली विमानं.)

आता न उडवणाऱ्यांचा हिशेब. तोही हलका नाही. स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेनं वॉशिंग्टनजवळ विमानांसाठी नवं केंद्र बांधलं, तेव्हा ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या स्टीव्हन उद्वार-हेझी यांनी साडेसहा कोटी डॉलर दिले. डेटनच्या संग्रहालयानं २०१६ मध्ये चौथी इमारत उघडली, खर्च ४ कोटी ८ लाख डॉलर. आणि छपराखाली आल्यावरही काम संपत नाही. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे'वर स्मिथसोनियननं सुमारे तीन लाख तास काम केलं.

पण मला जास्त आवडतं ते त्यांच्याच 'फ्लॅक-बेट'चं काम. दोनशेहून जास्त मोहिमा केलेलं बी-२६ बॉम्बफेकी विमान. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी पाडलेली हजारहून अधिक भोकं, त्यावर ठोकलेली ठिगळं, फिकुटलेला मूळ रंग. नवा रंग मारला तर फोटो छान येतील. पण तो मारायचा नाही, हेच तिथे ठरलंय. आहे तो रंग, ते ठिगळ, ते ओरखडे जागच्या जागी टिकवायचे. कमी करायचं आणि त्यासाठी जास्त वेळ द्यायचा.

एकाच माणसाच्या खिशावर उभं राहण्यात आणखी एक धोका असतो. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटलजवळ अप्रतिम विमानं जमवली, उडवली. २०१८ मध्ये ते गेले. २०२० मध्ये संग्रहालय बंद झालं. २०२२ मध्ये दुसऱ्या एका धनिकानं संग्रह घेतला, म्हणून २०२३ मध्ये दारं पुन्हा उघडली. नशीब चांगलं होतं.

आणि व्हल्कन? ते डॉनकास्टरच्या विमानतळावर राहिलं. हँगर बांधायला लोकांकडे मदत मागितली गेली, पुरेसे पैसे जमलेच नाहीत. २०२२ मध्ये विमानतळही बंद पडला. उडवण्यासाठी लाखो पौंड देणाऱ्या लोकांकडून त्याच विमानाच्या छपराला पैसा मिळेना. छपराचा व्हिडिओ कोण बघणार?

म्हणून थैली सैल सोडणाऱ्यानं सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : हँगर कुणाच्या मालकीचा आहे, स्पार आणि रिव्हेट समजणाऱ्या माणसाच्या हाताखाली कोण शिकतंय, आणि उडणं थांबेल त्या दिवसापासूनचा खर्च कुणी बाजूला काढून ठेवलाय.